बोटांचा व्यायाम

१ एप्रिल १९८५, सोमवार
आजपासून रोजनिशी. पुढं नाव झाल्यावर आठवायला बरं.
मारुतीराव चेअरमननी आप्पांना (आमचे वडील) सांगितलं, पतसंस्थेत टायपिस्टची जागा ऑगस्टात भरणार. अटी दोनच. इंग्लिश टायपिंगची ज्युनियर परीक्षा पास, आणि वय तीसच्या आत. मला पंधरा सप्टेंबरला तीस पूर्ण. म्हणजे जुलैची एकच परीक्षा हातात. ती गेली की जन्मभर आप्पांच्या मागं हिंडलग्याच्या भाताच्या चिखलात.
जाणार कशी पण? मी बी. ए. पार्ट टूपर्यंत गेलेला माणूस.
क्लास नागोजी मास्तरांचा, बेळगावात, रोज संध्याकाळी पाच ते सहा. आप्पांनी जुलैपर्यंतची फी एकदम भरून टाकली. माझ्यावर विश्वास नाही, दुसरं काय.

९ एप्रिल, मंगळवार
आठ दिवस झाले, अजून ए एस डी एफच चाललंय. मास्तर हातात फूटपट्टी घेऊन मागं उभे. करंगळी उचलली की पट्टी. करंगळीनं कधी कुणी काम केलंय काय? मशीनही मेलेलं. आपण बडवायचं आणि त्यानं नुसतं टक म्हणायचं.

१२ एप्रिल, शुक्रवार
क्लासच्या वाटेत मिलिटरीचा कॅम्प लागतो. याला माझा इलाज नाही. तिथं भावकूनं (मिलिटरीतनं रिटायर झालेला ड्रायव्हर) चहाच्या हॉटेलामागं पत्र्याच्या शेडात व्हिडिओ गेमची दोन मशिनं आणून ठेवलीत. मुंबईहून, सेकंडहँड. आत अंधार, पोरांचा कालवा आणि सारखं कुंई कुंई. पिढीच्या पिढी बरबाद होणार. निषेध म्हणून आत गेलो. आता कशाचा निषेध करतोय ते कळायला पायजे, म्हणून एक डाव खेळलो. पाच मिनिटांत बाहेर आलो. घड्याळात सव्वासहा झालते.
मत: विमानाची गेम अत्यंत भिकार. वरनं शत्रूची विमानं येतात, खालनं आपण बटण दाबून पाडायची. आपलं विमान वर जात नाही, खाली येत नाही, नुसतं डावीकडं-उजवीकडं सरकतं. असलं विमान कुठल्या देशाकडं असतं? आणि बनवणाऱ्याला कुणी विचारत नाही.

१६ एप्रिल, मंगळवार
शोध लागला! गेममध्ये एका मिनिटात मी बटण शंभर वेळा तरी दाबतो. टायपिंगला मिनिटाला शब्द लागतात तीस. म्हणजे खरा बोटांचा व्यायाम कॅम्पात आहे, मास्तरांकडं न्हाय. वेळापत्रक ठरवलं. सोमवार ते शुक्रवार कॅम्प, शनिवारी क्लास.

२० एप्रिल, शनिवार
बोटं दुखत होती. क्लासला विश्रांती.

२९ एप्रिल, सोमवार
आज मशीन बंद असताना, म्हणजे कुणी खेळत नसताना, नीट बघितलं. ते आपलं आपण खेळत असतं, नमुना म्हणून. आणि दहा सेकंदांत मरतं. कंपनीचा स्वतःचा माणूसही जिंकत नाही, आणि आम्ही जिंकावं म्हणे! वर पैसे टाका, पैसे टाका म्हणून इंग्रजीत सारखं उघडझाप. लाज कशी वाटत नाही.
पहिल्या डावात जावयासारखी सरबराई, तिसऱ्या डावात एकदम हाकलून लावायचं. हा धंदा आहे, खेळ नव्हे. भावकूला तसं तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, परशराम, खेळायचं तर खेळ, न्हायतर बाजूला सर, मागं लाईन हाय.

३ मे, शुक्रवार
धस्स झालं. घरी आलो तर जया (माझी बायको) म्हणाली, चष्मा इसरून गेलता, म्हणून द्यायला क्लासवर गेलते. पण मग ती सरळ भाकरी थापायला लागली. म्हणजे मास्तरांनी सांभाळून घेतलं. माणूस कडक, पण मनाचा मोठा.
आज तिसऱ्या डावात मेलो ते चष्मा नव्हता म्हणून, हेही सिद्ध झालं.

१३ मे, सोमवार
जया हल्ली शेजारच्या मालुबाईंबरोबर रोज संध्याकाळी बेळगावात देवळाला जाते. मी सायकलवरनं निघालो की ती बसनं. नवऱ्याच्या परीक्षेसाठी चाललंय हे उघड आहे. विचारलं नाही. भक्तीत आपण पडू नये.

१९ मे, रविवार
दुपारी जया जरा लवंडली. झोपेत तिची दहाच्या दहा बोटं उशीवर हलत होती. अशक्तपणा! टॉनिक आणायला पायजे. बोटांना काळंही लागलेलं. तवा घासताना हात धुवायचा कंटाळा करते वाटतं. आणि तोंडानं पुटपुटत होती ए, एस, डी, एफ. बिचारीला एबीसीडी धड येत नाही. एस. एस. एल. सी., म्हणजे मॅट्रिक, कशी झाली देव जाणे. परीक्षा झाल्यावर शिकवीन.

५ जून, बुधवार
भावकूनं जुनं एक मशीन काढून नवीन आणलं. पोरं नाचायला लागली. मी एका डावात ओळखलं. तीच विमानाची गेम! विमानाच्या जागी बोट, आभाळाच्या जागी पाणी, आणि वरनं येणारे मासे. बाकी सगळं तेच, मरण्याचा आवाजसुद्धा तोच. तिकडं जपानात की अमेरिकेत बसून हे लोक एका गेमला रंग फासून दहादा विकतात, आणि इकडं कॅम्पातली कॉन्व्हेंटची पोरं टाळ्या पिटतात. या धंद्यात अक्कल एकदाच वापरलेली आहे.
स्टिकही डावीकडं ओढते. माझे निम्मे मृत्यू स्टिकचे आहेत.
बोटीच्या गेमवर तीन तास गेले. अभ्यास म्हणून.

१४ जून, शुक्रवार
आप्पांनी विचारलं, स्पीड कितपत आलाय रं? मी म्हणालो, चौदा हजार. आप्पा लई खूश झाले. मारुतीरावांना सांगायला गेले. मी खोटं बोललेलो नाही, गेममध्ये चौदा हजार झालेच होते.

२१ जून, शुक्रवार
सुवर्णदिन! सव्वीस हजार चारशे. पडद्यावर पहिल्या नंबरला माझं नाव. तीनच अक्षरं घालू देतात, माणसाचं आख्खं नाव घालायची दानत नाही यांच्यात. तरी पहिलं ते पहिलं. उद्या जयाला बोलावून दाखवायचं ठरवलं. मग लक्षात आलं, दाखवता येणार नाही.

२२ जून, शनिवार
सकाळी लाईट गेली. तासाभरानं आली. नाव पुसलेलं! सगळे नंबर पुसून कंपनीचे स्वतःचे घातलेत. आम्ही जिवाचं रान करायचं आणि ह्यांना आमची नावं रात्रभर सांभाळता येत नाहीत? रागानं मशीनला लाथ घातली. भावकूनं कॉलर धरली, मिलिटरी हिसका दाखवला. आठ दिवस यायचं नाही म्हणाला. मीच जाणार नव्हतो.

२४ जून, सोमवार
ठरलं. आजपासून फक्त टायपिंग. पाचला क्लासवर गेलो, तर मास्तर दारातच आडवे. म्हणाले, तुमच्या मशीनवर तुमच्याच घरचा माणूस बसलाय, आता परीक्षेपर्यंत उठवणार न्हाय, हात बसलाय. मी म्हणालो, माझा चुलतभाऊ आला असेल, फुकट्या आहे. मास्तर माझ्याकडं बघत राहिले. आत डोकावू दिलं नाही. असल्या माणसाच्या तोंडी कोण लागणार. बाहेरनं बऱ्यापैकी टकटक ऐकू येत होती. चुलतभावाला एवढं कसं काय जमतं?
तशी माझी बोटं तयारच आहेत. मशीन काय, कुठलंही.

१० जुलै, बुधवार
तीन दिवसांनी परीक्षा. भावकूची बंदी संपली, म्हणून रोज थोडा सराव. आज बावीस हजार. आत्मविश्वास प्रचंड.

१३ जुलै, शनिवार
परीक्षा. जे घडलं ते लिहितो, लपवण्यासारखं काही नाही.
सुरुवात झकास. उजव्या हाताच्या एका बोटानं जो काही स्पीड घेतला, आख्खा हॉल वळून बघायला लागला. मग ओळ संपताना मशीनची घंटी वाजली, टिंग. भावकूकडं टिंग वाजलं की एक विमान जास्त मिळतं. मी आनंदानं मागं टेकलो आणि वाट बघत बसलो. अशा किती ओळी गेल्या माहीत नाही. शेवटची दोन मिनिटं उरल्यावर मी उभा राहिलो. भावकूकडं उभ्यानं खेळायची सवय, उभं राहिल्याशिवाय माझा हात चालतच नाही. सुपरवायझर कानडीत ओरडले, कुत्कोळ्री, कुत्कोळ्री! म्हणजे बसा, बसा. मी बसलो की हात थांबायचा, उठलो की ते ओरडायचे. कागदाला भोकं पडली. नंतर बघितलं तर अर्धं पान नुसतं एफ अक्षरानं भरलेलं.
तरी एफ एकदाही चुकलेला नाही. हे तपासणाऱ्यानं लक्षात घ्यायला पायजे.
बाहेर आलो तर गेटवर जया उभी! मालुबाई बरोबर. तोंड घामानं डबडबलेलं, हात काळे. मला पाणी द्यायला एवढ्या लांब आली. मला भरून आलं. कसा गेला पेपर, विचारलं तिनं. मी म्हणालो, फर्स्ट क्लास. ती म्हणाली, मलाबी तसंच वाटतंय.

१२ ऑगस्ट, सोमवार
रिझल्ट. माझा नंबर नाही. छापणाऱ्यांचा गोंधळ असणार, या राज्यात काहीही होऊ शकतं. मास्तरांच्या क्लासची एक बाई मात्र फर्स्ट क्लासमध्ये आलीय म्हणे. मी नाव विचारलं नाही, मनःस्थिती नव्हती. घरी सांगितलं, रिझल्ट राखून ठेवलाय. जया म्हणाली, बरं.

१९ ऑगस्ट, सोमवार
आजचं लिहायलाच पायजे.
मारुतीराव हार घेऊन घरी आले. चेअरमन स्वतः! मला वाटलं, गोंधळ निस्तरला. आतनं इस्त्रीचा शर्ट घालून आलो, मान पुढं केली. मारुतीराव मला ओलांडून म्हणाले, जयाबाई कुठं हायत?
हार तिच्या हातात दिला. दोन तारखेपासून कामावर या म्हणाले. आप्पा रडायला लागले. मी विचारलं, हे काय आहे? जया म्हणाली, फी भरलेली, मशीन मोकळं पडलेलं, मास्तर म्हणाले बसा. तुमचा तास होता, वाया घालवायचा व्हय?
मी म्हणालो, मग मला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही तरी कुठं सांगितलासा?
मला लई राग आला. तिचा, मास्तरांचा, भावकूचा, जपानचा. ताडकन उठून कॅम्पात गेलो. तिसऱ्या डावात मेलो. शेडात उभ्या उभ्या मला रडू आलं. पोरांना वाटलं, गेम हरलो म्हणून.

१६ सप्टेंबर, सोमवार
काल तीस पूर्ण झाली. व्हिडिओ गेमविषयी माझी मतं कायम आहेत. पण सध्या मन त्यात नाही.
संध्याकाळी जया ऑफिसातनं आली. चहा घेताना म्हणाली, आमच्यात शिपायाची जागा निघालीया. वयाची अट न्हाय. सकाळी कुलूप काढायचं, पाणी भरायचं, चेअरमनच्या टेबलावरचे कागद टायपिस्टकडं न्यायचे आणि आणायचे. ती हे सगळं माझ्याकडं न बघता सांगत होती. मी म्हणालो, विचार करून आठ दिवसांत अर्ज लिहितो. ती म्हणाली, शेवटची तारीख उद्याच हाय. दुपारच्या सुट्टीत टाइप करून आणलाय.
तीनदा वाचला. चूक सापडली नाही. समास सरळ. नाव, गाव, शिक्षण, सगळं बरोबर. अनुभव लिहायच्या ठिकाणी तिनं एक आडवी रेघ मारलीय.
सही केली.