आधीची मांडणी

बाबा, तुम्ही तुमच्या खुर्चीवरून उठलात त्या दिवसाबद्दल मला लिहायचं आहे. तुम्ही गेलात तो दिवस नव्हे. त्याच्या चार वर्षं आधीचा, माघातल्या लग्नांच्या पत्रिका सुरू होत्या तेव्हाचा. याआधी तीन वेळा लिहायला घेतलं आणि तिन्ही वेळा आपण स्वतःला बरी दाखवत आहोत असं वाटून कागद फाडला. या वेळी जसं झालं तसंच लिहिते.

मी सात वर्षांची झाले तरी शाळेत गेले नव्हते. माझी छाती भरायची म्हणून आईनं घरीच ठेवलं, आणि तुम्ही मला छापखान्यात शिकवलं. समोरच्या खोलीत मशीन, खिडकीखाली छपाईच्या खिळ्यांची केस, म्हणजे प्रत्येक अक्षराला एक घर असलेली उथळ पेटी, मागे स्वयंपाकघर. खिळे धुतल्याचा रॉकेलचा वास भाकरीला येतो म्हणून आई रोज तुमच्या नावानं ओरडायची. तुम्ही शिशाचा एकेक खिळा माझ्या हातात देता, मी त्यावरून बोट फिरवते आणि अक्षर सांगते. खिळ्यावर अक्षर उलटं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढे शाळेत एकदम तिसरीत बसवलं तेव्हा मी पाटीवर सगळं आरशातल्यासारखं लिहिलं आणि वर्ग हसला. घरी येऊन रडले, तर तुम्ही पाटी उजेडात धरून नीट पाहिलीत आणि म्हणालात, "बराबर लिह्यलं हाय. याले शाई लावून कागदावर दाब, समदं सुलटं उठते." मला तुम्ही एकदाच रागावल्याचं आठवतं. छपाई झाल्यावर खिळे परत केसमध्ये टाकताना मी दोन-चार भलत्याच घरात टाकले होते. "मी पाहून नाई उचलत, बाई. हात जाते तेथं अक्षर असलं पाह्यजे. घर चुकलं का खिळा हरवलाच समज." नवं मराठी राज्य झालं त्या सुमारास तुम्ही चौथीची शाळा सोडून या कामाला लागलात, आणि तेव्हापासून तुमचे हात न पाहताच चालत होते.

मी अकरावीत असताना अकोल्याच्या एका छापखान्यानं विकायला काढलेला कॉम्प्युटर तुम्ही घेतलात. तो तेव्हाच जुना होता. तो सुरू होईपर्यंत तुमचा अर्धा चहा संपायचा. मराठी टाइप करणं तुम्ही पन्नाशी उलटल्यावर तीन महिन्यांत शिकलात, कारण कळफलक म्हणजे तुमच्या दृष्टीनं एक छोटी केसच होती. अडचण एकच होती. फाइलीला मराठी नाव दिलं की मशीन तिथं नुसत्या वेड्यावाकड्या खुणा दाखवायचं. म्हणून नावं इंग्रजीत, आणि तीही मी दिलेली, आखूड, तोडलेली, मलाच कळतील अशी. तुम्हाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. घरात हे कुणी कधी बोललं नाही. बोलायची वेळ आली नाही, कारण तुम्ही प्रत्येक फाइल उचलून पडद्यावर कुठेतरी ठेवायचात आणि पुढच्या वेळी न चुकता तीच उघडायचात. लग्नपत्रिकांसाठी एका गावातल्या एका भावकीची एक फाइल. त्या घरात पुढचं लग्न निघालं की तीच काढायची, वधूवर आणि तारीख बदलायची, मधल्या काळात जे वारले त्यांच्या नावाआधी कै. लावायचं.

माझ्या डोळ्यांना मात्र तो पडदा म्हणजे पसारा. फाइलींची चाळीसएक छोटी चित्रं, कोणतं कुठेही, काही वरच्या कडेला चिकटलेली, काही एकमेकांवर चढलेली, मधेच मोठ्या रिकाम्या जागा. मला पसारा बघवत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला एका मैत्रिणीनं फ्लॉपी दिली. तिच्यावरचा छोटासा प्रोग्राम जुन्या मशीनची आवराआवर करायचा: पडद्यावरच्या फाइली नावानुसार ओळीत लावायचा, एका प्रकारच्या फाइलींना एक रंग द्यायचा, दोनदा ठेवलेली फाइल शोधून दाखवायचा. तुम्ही पत्रिका पोचवायला पिंपळगाव राजाला गेला होतात. मी एक बटण दाबलं आणि सगळी चित्रं सरकत जाऊन डाव्या बाजूला शाळेतल्या प्रार्थनेसारखी ओळीत उभी राहिली. मला इतका आनंद झाला की मी आईला बोलावलं. ती पदराला हात पुसत आली. "चांगलं दिसते. त्यायले इचारलं काय?" मी म्हटलं, "यात काय इचारायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच सोनाळ्याचे गिऱ्हाईक आले. धाकट्या मुलीचं लग्न होतं. "मास्तर, मोठीच्या टायमाची पत्रिका काढा. नावं तेच. आमचे दोन काका फक्त वर गेले."

"हाव, आता काढतो," तुम्ही म्हणता आणि खुर्ची पुढे ओढता. पडद्यावरचा बाण वरच्या कडेला जातो. तिथं काहीच नाही. तुम्ही तरीही तिथंच दोनदा टिचकी मारता, रिकाम्या जागेवर. मग बाण हळूहळू डावीकडे येतो, ओळीवरून खाली उतरतो, पुन्हा वर जातो, आणि एका चित्रावर थांबतो. उघडतं ते दशक्रियेचं कार्ड, काळ्या चौकटीचं.

"अरे बाप्पा! मास्तर, माह्या पोरीच्या लग्नाले दशक्रिया काऊन काढून राह्यले?"

तुम्ही घाईनं ते बंद केलंत आणि दुसरं उघडलंत. ते बारशाचं. मी कागद कापायच्या टेबलापाशी होते. तिथूनच म्हणाले, "बाबा, खाली नाव लिह्यलं हाय ना. वाचता नाई येत काय तुमाले?"

सोनाळ्याचे गृहस्थ हसले. "घ्या मास्तर! आता लेक बापाची परीक्षा घेते."

"घेऊ द्या ना. म्याच शिकवली तिले," तुम्हीही हसलात. तुमचे कान लाल झाले होते. मग उठलात आणि खुर्ची माझ्याकडे वळवलीत. "ये, तू बस. आज माह्या हातानं जमून नाई राह्यलं."

तुम्हाला इंग्रजी येत नाही हे मला माहीत होतं का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. माहीत होतं. बोलताना आठवलं नाही, इतकंच. आणि ते 'इतकंच'सुद्धा मला खोडावंसं वाटतं आहे.

संध्याकाळी तुम्ही जेवायला बसलात. आई तव्यापाशी, मी वाढायला. तुम्ही माझ्याकडे न बघता विचारलंत, "ते पह्यल्यासारखं होते काय, पोरी?"

"नाई बाबा. एकदा लागलं का लागलं. मंग परत नाई होत."

"असं काय," म्हणालात, आणि वरण मागितलंत. पुन्हा कधी विचारलं नाहीत. माझ्या शब्दावर तुमचा विश्वास होता.

परत होत होतं, बाबा. त्या प्रोग्रामच्या यादीत शेवटून दुसरी ओळ तीच होती: आधीची मांडणी परत आणा, अशा अर्थाची. पहिल्याच दिवशी मी ती वाचली होती. मग नाही का म्हटलं? हो म्हटलं असतं तर सकाळी जे झालं ते माझ्यामुळे झालं असं ठरलं असतं, आणि सकाळचं ते वाक्य परत आठवावं लागलं असतं. नाही म्हटल्यावर सगळं मशीनवर गेलं.

पुढची चार वर्षं तुम्ही कापायच्या टेबलापाशी काढलीत. पत्रिका दुमडायच्या, गठ्ठे बांधायचे, पाकिटांना डिंक लावायचा. मी म्हटलं, मी तुम्हाला नावं वाचायला शिकवते; तुम्ही "हाव, शिकव" म्हणायचात आणि दर वेळी कापायला कागदाचं एखादं रीम निघायचं. गिऱ्हाइकांना सांगायचात, "आता पोरगीच पाह्यते समदं." ते अभिमानानं सांगायचात. तो अभिमान खरा होता, तेच मला जास्त लागतं.

एक गोष्ट अजून राहिली आहे. आधीचे कागद मी तिच्यापाशी येऊनच फाडले. माझ्या खोट्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, तुम्ही आत जेवत होतात. दुकानात मी एकटी. मी ती शेवटून दुसरी ओळ दाबून पाहिली. चित्रं ओळ मोडून पडद्यावर पसरली आणि आपापल्या जागी जाऊन थांबली. खाली मीच दिलेली नावं होती, ती मी जागेसकट पहिल्यांदा वाचली. सोनाळा अगदी वर, सातपुडा असतो तिथं, कडेला टेकलेलं. पिंपळगाव राजा डावीकडे. आईच्या माहेरचं डोणगाव खाली, जरा उजव्या अंगाला. मधे आपलं खामगाव आणि त्याच्याभोवती जवळची गावं दाटीनं, एकमेकांवर चढलेली. तुम्ही पडद्यावर आपला जिल्हा मांडला होता. मी ज्याला पसारा म्हणत होते त्यातल्या मोठ्या रिकाम्या जागा म्हणजे जिथलं गिऱ्हाईक अजून आपल्याकडे आलं नव्हतं ती गावं. त्यांची जागा तुम्ही मोकळी राखून ठेवली होती.

आतून तुम्ही चूळ भरल्याचा आवाज आला. तो पडदा तसाच राहू दिला असता तर तुम्ही येऊन खुर्चीत बसला असता, आणि मला वाटतं, मला एक शब्दही विचारला नसता. पण मी आदल्या दिवशी नाही म्हटलं होतं. मी पुन्हा पहिलं बटण दाबलं. तुम्ही हात पुसत बाहेर आलात तोवर सगळी गावं डावीकडे, नावानुसार, ओळीत उभी होती. तुम्ही तिकडे एकदा पाहिलंत आणि कापायच्या टेबलाकडे गेलात.

हे पत्र आईला वाचून दाखवायचं म्हणून लिहायला बसले होते. ती आत निजली आहे. तिला अधूनमधून तीच गोष्ट आठवते. कालही विचारत होती, "तुह्या बाबानं ते मशीन काऊन सोडलं व? मन लागे त्यायचं त्याच्यात." मी म्हटलं, डोळे दुखायचे त्यांचे. उद्या विचारलं तरी मी बहुधा तेच सांगेन.