सहा देशांची दारं आणि आमचं कुंकू

१८ फेब्रुवारी १९८५, सोमवार
दिल्लीचं पत्र. आखातातल्या सहा देशांच्या परिषदेशी सरकारची बोलणी चालू आहेत, आणि द्राक्षांची पहिली खेप आमच्या बागाईतदार संघाची जाणार. इंग्रजी पत्र सगळ्यांना मराठीत सांगायचं काम माझं. खेप नीट पोचली तर सहाही देशांशी करार. पुढचं वाक्य दोनदा सांगावं लागलं, कुणाला पटेना: एकाने माल नाकारला की बाकीचे पाचही घेणार नाहीत. "म्हणजे सोयरीकच झाली की," अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले.
मग मला बाजूला घेऊन, "सुमनबाई, हे तडीस गेलं की तुम्हाला कायम करतो." इतकी वर्षं हंगामी टायपिस्ट. घर माझ्या पगारावर. आईला अजून सांगितलं नाही. दृष्ट लागेल म्हणून नव्हे, आमच्यात ते मानत नाहीत. तरीही नाही सांगितलं.

२६ फेब्रु.
दिंडोरीच्या शेडवर. एस.टी.त उभं राहून पाय मोडले. पॅकिंगची देखरेख माझ्याकडे, म्हणजे मालाच्या कागदावर सही माझी. नमुन्याचं खोकं शीतगृहातून बाहेर काढलं तर बघता बघता ओलंचिंब. पुठ्ठ्याला घाम येतो. लक्षात ठेवणे.

४ मार्च
खोकी भरली. बागाईतदारांच्या बायका नटूनथटून हजर. अध्यक्षांची बायको शांताकाकू, त्यांच्याकडे कुंकवाची कोयरी. पहिल्या खोक्याला बोट लावलं, ठीक. पण ते खोकं निघालं काकूंच्याच बागेचं. दुसरीचं तोंड फुगलं, "आमच्या खोक्यांनी काय घोडं मारलं?" झालं. मग प्रत्येकीच्या प्रत्येक खोक्याला. कुंकू संपत आलं तेव्हा पाण्यात कालवून. आणि लावलं कुठे, तर हवेच्या भोकांच्या वर, कारण बाकी सगळीकडे छपाई.
मी म्हटलं, "काकू, खोक्यांना घाम सुटतो. रंग उतरून आत जाईल."
"अगं, लेक सासरी चाललीय. पांढऱ्या कपाळानं धाडू का?"
मागून कुणीतरी, "तिला काय कळणार हाय? त्यांच्यात आता देवाधर्माचं काय नाय." काकूंनी ऐकलं. पुढच्या खोक्याला बोट लावलं.
तशीच अध्यक्षांकडे गेले. म्हणाले, "बायकांच्या हौसेत मी कुठे पडू? आजच्या दिवशी अपशकुन नको." मी चडफडत मालाच्या कागदावर सही केली.

२१ मार्च
टेलेक्स. माल नाकारला. फळांवर लाल रंग, उगम अज्ञात.
उगम अज्ञात म्हणे! उगम कोयरीत.
सगळी खेप तिकडेच नष्ट करणार. अध्यक्ष खुर्चीत नुसते बसून होते. चहावाला येऊन तसाच परत गेला.

२३ मार्च
बाकीच्या देशांकडून नकार यायला लागले. एकाच्या तोंडचे शब्द दुसऱ्याच्या कागदावर. दिल्लीच्या शिष्टमंडळाने दौरा पुढे ढकलला. ज्या बायांनी हौसेने बोटं लावली त्यांचे नवरे ऑफिसात येऊन मलाच विचारतात, "बाई, असा कसा रंग लागला?" घरी विचारा, म्हणावंसं वाटतं. म्हणत नाही. चार माणसांत कुंकवाला नावं ठेवणारी मी, मग झालंच.

२७ मार्च, बुधवार
दिल्लीला खुलासा हवाय. जबाबदार व्यक्तीचं नाव, आणि काय कारवाई केली ते. अध्यक्ष मजकूर सांगत होते, मी टाइप करत होते. "देखरेखीत हयगय झाली. संबंधित हंगामी कर्मचारी श्रीमती..." इथे थांबले. माझ्याकडे न बघता, "नाव सोमवारच्या बैठकीनंतर टाकू."
स्वतःला नोकरीवरून काढायचं तेही स्वतःच टाइप करून.
"मी सांगितलं होतं तुम्हाला."
"सांगितलं होतंत. पण दिल्लीला काय लिहू? माझ्या बायकोचं नाव?"
रात्री आईला सगळं सांगितलं. कायम होणार होते, तेही. ती भाजी निवडत राहिली.

३० मार्च, शनिवार
शांताकाकू घरी आल्या! आमच्या वसाहतीत पहिल्यांदाच. जीप कोपऱ्यावर सोडून चालत. आईने खुर्ची पदराने पुसून दिली. काकू बसल्या, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे बघत राहिल्या आणि एकदम रडायला लागल्या. "सोमवारी मी येते मीटिंगला. सगळ्यांम्होरं सांगते, पोरगी नको म्हणत होती, मीच लावलं. ह्यांना काय बोलायचं ते बोलू दे." माझा हात धरून बोलल्या. मला भरून आलं, खोटं कशाला लिहू. किती दिवसांनी छातीवरचं ओझं उतरलं.
आईने चहा पुढे केला.
"नको माय, उपास हाय."
उपासाला चहा चालतो.
त्या गेल्यावर तो कप आईनेच प्यायला. कप विसळत म्हणाली, "येईल का गं ही?" मी म्हटलं, शब्द दिलाय. आईने कप पालथा घातला.

१ एप्रिल, सोमवार
बैठक चारला. सभासद यायला लागलेत. दोघांनी नमस्कार केला, बाकीचे भिंतीकडे बघत आत गेले. कागद मशीनला लावून ठेवलाय, मधे कार्बन. 'श्रीमती'च्या पुढे जागा मोकळी.
अध्यक्षांना विचारलं, "काकू येणार आहेत ना?"
"कुठे?" म्हणाले.
म्हणजे त्यांना माहीतच नाही. की माहीत असून...
आईने आज डबा दिला नाही. लवकर ये म्हणाली.
खाली आत्ता एक जीप थांबली. जीप काकूंकडे आहे, तशी चौघा सभासदांकडेही आहे. खिडकीशी जाऊन बघवत नाही.