डोक्याच्या जागी नळ

हॉर्नबी, क्राइस्टचर्च
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

स्नेहलताबाई,

स. न. वि. वि. तब्येत बरी असेल अशी आशा आहे. नॉर्वेस्टर वारा सुटला की इथे नव्या माणसाचं डोकं धरतं, पाणी पीत जा. तुमचा क्षितिज म्हणाला, परवा तुम्हाला अकरोआला नेऊन आणलं आणि गुरुवारी तुमचं परतीचं विमान आहे. लेकाचं घर, सून, बाग सगळं डोळे भरून बघून झालं असेल.

अक्षर वाकडंतिकडं आहे. मी डाव्या हातानं लिहिते.

क्षितिजच्या लेखी मी 'रणजितची बायको'. तुम्हीही मला तेवढंच समजलात. प्रदर्शनाच्या दिवशी मी तुमच्या हातात चहाचा कप दिला, तुम्ही 'थँक्यू हं' म्हणालात आणि पुढे गेलात. ओळख दिली नाही हा दोष माझा. मी तुमची विद्यार्थिनी, बाई. कराडच्या शाळेत पाचवी ते दहावी, तुमच्या चित्रकलेच्या तासाला दुसऱ्या बाकावर. वल्लरी थोरात. साखर कारखान्यातल्या टाइमकीपर तुकाराम थोरातांची मुलगी. तुमचे यजमान त्यांच्याच ऑफिसात होते. आता आठवलं असेल.

आधी प्रदर्शनाचं लिहिते.

रिकार्टनच्या हॉलमध्ये इथल्या मराठी मंडळानं चौदा जणांची चित्रं लावली आणि कराडहून आलेल्या निवृत्त चित्रकला शिक्षिका म्हणून तुम्हाला परीक्षक नेमलं. रमण देशमुखांच्या टेकापोच्या तळ्याला पहिलं बक्षीस दिलंत. निळं तळं, ल्युपिनची जांभळी फुलं, मागे बर्फ. चांगलं चित्र आहे, रमणदादा मेहनती माणूस. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

माझी तीन होती. वाळत घातलेल्या शर्टांतून माणसांचे खांदे अजून निघालेले नाहीत, ते एक. कुरणात मांडलेलं जेवणाचं टेबल, त्याला माणसासारखे गुडघे, ते दुसरं. आणि तिसरं, एक हात, ज्याच्या प्रत्येक बोटाला एक दार आहे आणि दोन दारं बंद आहेत.

त्या तिसऱ्यासमोर तुम्ही किती वेळ उभ्या होतात! मी कपबशा गोळा करता करता बघत होते. टेकापोसमोर जेमतेम मिनिटभर थांबलात. इथे चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा लावलात. आणि मग माइकवर जाऊन काय म्हणालात? "हात तयार आहे, पण ही इलस्ट्रेशन्स झाली. गोष्टीच्या पुस्तकात शोभतील. कलेनं मन प्रसन्न व्हायला हवं. विचित्र काढलं म्हणजे कला होत नाही." लोक हसले. मग मला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र देताना हळूच म्हणालात, "नीट काहीतरी काढत जा गं, छान काढशील."

मी 'हो' म्हणाले. अडतीस वर्षांची बाई, एका मुलीची आई, आणि 'हो बाई' म्हणाले! मग खुर्च्या आवरू लागले. रमणदादा येऊन म्हणाला, "अगं, मनावर घेऊ नकोस, खूप भारी आहेत तुझी चित्रं." मला त्याचाही राग आला. पार्किंगमध्ये येऊन ते प्रमाणपत्र मी फाडलं.

इलस्ट्रेशन कशाला म्हणतात ते मला शिकवू नका. इथल्या पॅकेजिंगच्या कारखान्यात मी आठवड्याचे पाच दिवस फ्रोजन वाटाण्यांच्या खोक्यांवरचे वाटाणे काढते. वाटाणा प्रसन्न दिसलाच पाहिजे, तशी लेखी सूचना असते. त्या कामाची मला लाज नाही. पण कुठलं चित्र खोकं विकायला काढलं आणि कुठलं काढल्यावाचून राहवलं नाही, एवढं मला कळतं. आणि माझी खात्री आहे की ते तुम्हालाही कळतं. माझा सगळा राग तिथेच आहे.

नववीत तुम्ही विषय दिला होता, 'माझे कुटुंब जेवताना'. चाळीस मुलींनी चाळीस हसरी कुटुंबं काढली. मी बाबा काढले, पाटावर मांडी घालून बसलेले, अंगात कारखान्याचा इस्त्रीचा शर्ट आणि डोक्याच्या जागी नळ. नळ आईच्या ताटात गळतोय आणि आई घरात छत्री उघडून जेवतेय. मी ताटाखाली. अतिवास्तव वगैरे शब्द मला तेव्हा ठाऊक नव्हते. आमच्या घरात जे रोज घडायचं ते मी काढलं होतं, फक्त बाटली काढायची हिंमत नव्हती.

तुम्ही कागद उचललात आणि बघत राहिलात. मग तो टेबलावर पालथा घातलात आणि म्हणालात, "थोरात, माणसाला डोकं असतं. तुला दिसत नाही?" सगळ्या हसल्या. सुमेधा, माझी शेजारीण, तीसुद्धा हसली.

तिथे थांबला असतात तर मी केव्हाच विसरून गेले असते. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही बाबांना शाळेत बोलावलंत. स्टाफरूमच्या दाराशी मला उभं केलंत आणि चित्र त्यांच्या हातात दिलंत. "थोरातसाहेब, मुलीच्या डोक्यात काय चाललंय बघा जरा. बाहेर कुणी बघितलं तर बरं दिसणार नाही." बाबा हसले. "कल्पनाशक्ती दांडगी आहे, बाई," म्हणाले. कागदाची चौपदरी घडी करून त्यांनी खिशात ठेवली. त्यांनाही एका नजरेत कळलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी माझा उजवा हात दाराच्या चौकटीत धरला आणि दार लावून घेतलं.

हे वाक्य लिहायला मला चार कागद लागले.

दोन बोटं मोडली. आईनं डॉक्टरांना सांगितलं, पोर धांदरट आहे, दारात सापडली. आठवड्यानं मी प्लॅस्टर घालून वर्गात आले. तुम्ही विचारलंत, "कशानं झालं?" मी म्हणाले, "दारात सापडली." तुम्ही खिडकीबाहेर बघितलंत. नंतर म्हणालात, "बरं. या वर्षी तुला चित्रकलेला सुट्टी." वर्षअखेर मला न काढलेल्या चित्रांचे अठ्ठ्याऐंशी मार्क दिलेत. कशाचे होते ते, बाई?

ती बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. मी डाव्या हातानं शिकले. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, मी कराडला गेले नाही. रणजितला मी लग्नाआधी सांगितलं होतं की बोटं लहानपणी दारात सापडली. बारा वर्षं तो तेच खरं समजत होता.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या सिद्धीनं, ती नऊ वर्षांची आहे, शाळेसाठी माझं चित्र काढलं. मी ओट्याशी उभी, हातात लाटणं आणि तोंडाच्या जागी बंद चेन. जॅकेटला असते तशी, दातेरी. मी तो कागद तिच्या हातातून ओढला. म्हणाले, "हे काय? माणसासारखं काढ की मला!" आणि कागद ओट्यावर पालथा घातला.

सिद्धीला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. ती म्हणाली, "बट मम, दॅट इज यू."

माझा हात वर गेला होता. मारला नाही. पण गेला होता, बाई, आणि तिनं तो बघितला. ती दोन पावलं मागे सरकली.

मी खाली बसले. तिची माफी मागितली. कागद सुलटा करून फ्रिजवर लावला. रणजित लॉन कापून आत आला, त्यानं चित्र बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "चेनच्या आत काय आहे?" त्यानं सहज विचारलं. सिद्धीला बाहेर खेळायला पाठवून मी त्याला सगळं सांगितलं. तो माझी ती दोन बोटं हातात धरून बसला, भाजी करपली तरी. नंतर म्हणाला, "त्या बाई इथे रोल्स्टनमध्ये, क्षितिजकडेच आहेत ना?"

तो तुमच्याकडे यायला निघाला होता, मी अडवलं. हे बोलणं माझं आहे.

नववीत मी काढलं ते चित्र होतं की नुसती आकृती, कला होती की विचित्रपणा, यावर तुम्ही मंडळात तासभर बोलाल आणि लोक टाळ्या वाजवतील. मी एवढंच म्हणते की चौदा वर्षांच्या मुलीनं पेन्सिलीनं कागदावर काहीतरी काढलं आणि दोन मोठी माणसं त्याला घाबरली. एकानं दार लावलं, एकीनं तोंड फिरवलं. तुमच्या प्रसन्न तळ्यांना कुणी कधी असं घाबरलंय का?

उद्या सकाळी हे पत्र मी स्वतः तुमच्या लेटरबॉक्समध्ये टाकते. बुधवारी साडेचारला, काम सुटल्यावर, येईन. चहा करू नका. क्षितिजसमोर बोलायचं की बागेत दोघींनीच, ते तुम्ही ठरवा, माझी हरकत कशालाच नाही. मला माफी नको आहे, बाबांची कहाणीही नको. 'काळ वेगळा होता' हे तर मुळीच नको.

एकच विचारेन. ते चित्र हातात धरून बघत राहिलात तेव्हा तुम्हाला कळलं होतं ना? हो की नाही, एवढंच सांगा. माझ्याकडे बघून सांगा.

पत्राच्या शेवटी वडीलधाऱ्यांना नमस्कार लिहायचा असतो. तो आज लिहीत नाही. बुधवारी तुमचं उत्तर ऐकल्यावर वाकायचं की नाही ते ठरवीन.

वल्लरी