नांगराचा गारठा

बाबा, इथूनच वाकून नमस्कार.

जीव भांड्यात पडला! परक्या समुद्रातून आलेला तो काटेरी, खादाड मासा कुठवर पसरेल, याचा नकाशा मी करतेय ना, त्यात आपली खाडी लालभडक आली होती. तुम्हाला बोलले नाही. आईने देव पाण्यात ठेवले असते.

मग तुमचं वाक्य आठवलं, "हिवाळ्यात होडीचा नांगर तळातून ओढताना हात बधिर होतात." मी वेडी, वरच्याच पाण्याचं तापमान धरून बसले होते! तळाचं घातलं आणि लाल रंग गेला. एवढ्या गारठ्यात तो जगत नाही. हे वडिलांमुळे सुचलं म्हटल्यावर साहेबांनी विचारलं, "वडील कुठल्या कॉलेजात शिकवतात?"

आईचा गुडघा कसा आहे?

पाणी मात्र दरवर्षी थोडं तापतंय. म्हणून दर हिवाळ्यात न चुकता कळवा: हात अजून बधिर होतात ना?

तुमची,
घरात एकटीच मासे न खाणारी