रेणुकाच्या मामाचं गाव

३ नोव्हेंबर
दिवाळीची सुट्टी संपली. सहावीला भूगोल, भारताचे प्रदेश. पुस्तकात एका राज्याला चार ओळी: पीक, पोशाख, नाच, जेवण. पोरं पाठ करतात, विसरतात. म्हणून डोकं लढवलं. सुट्टीत मामाच्या गावाला गेला होतात ना, ते गाव भारताच्या नकाशावर दाखवा. सेनगाव, वसमत, कुरुंदा, सगळे मामा तुरीच्या एका दाण्याखाली मावले. देश केवढा मोठा ते यातून सांगायचं होतं. रेणुकाचा नकाशा कोरा. विचारलं तर मान खाली. मागून एक पोरगी, "मॅडम, तिला मामा न्हाई. तिची माय इकत आणलेली हाये." वर्ग हसला. त्या पोरीवर ओरडले. खरं तर स्वतःवर ओरडायला हवं होतं. चार वर्षं या गावात येते आणि मला एवढंही माहीत नाही.

४ नोव्हें.
मुख्याध्यापकांना विचारलं. त्यांना सगळं ठाऊक. "ओडिशाची हाये ती. इकडं पोरी मिळंनात, मध्यस्थानं आणून देली. अशा तीन-चार हायेत गावात. तुमी काहून खोलात जाता?" बशीतला चहा पीत सांगत होते, बियाणं कुठून आणलं ते सांगावं तसं. घरी येऊन पुस्तकातला ओडिशा पुन्हा वाचला. भात, मासे, समुद्रकाठची देवळं. आमच्याच गावात राहणारी बाई त्यात कुठे बसवू? डोकं भणभणतंय.

७ नोव्हें.
मधल्या सुट्टीत रेणुका जवळ आली. "मॅडम, मायला माहेरकडलं एकच ठेसन याद हाये. टिटलागड." मोठा नकाशा फाटेल म्हणून कपाटात गुंडाळून ठेवलेला, तपासणी आली की भिंतीवर. चावीसाठी मु.अ.शी भांडले. दोघींनी शोधलं. सापडलं! पोरगी बोट उचलेना. मग मोबाइलवर पाहिलं तर नांदेडहून थेट गाडी. थेट! आणि रेणुका म्हणते, तिच्या मायला तेरा वर्षं घरात सांगतायत, चार दिवस लागतात, चार गाड्या बदलाव्या लागतात, बाईमाणसाचं काम नाही. बस्ता बांधायला नांदेडला जातात हे लोक, तेव्हा नाही लांब वाटत! इतका संताप आला की दुपारचा तास नीट घेताच आला नाही.

१० नोव्हें.
रेणुकाचा बाप शाळेत. दारातूनच, "मॅडम, तुमी पुस्तकातलं शिकवा. आमच्या घरात नकाशे घालू नका." म्हटलं, माहेरचा पत्ता सांगणं गुन्हा आहे का? "ती गेली न् परत आली न्हाई तर? लेकराला भाकरी तुमी थापताल का?" मी आवाज चढवला. "तेरा वर्षांत एकदा तरी नेलंत तिला?" मु.अ.नी खुर्ची दिली ती त्याला. तो गेल्यावर मला उपदेश, गावाशी जमवून घ्या म्हणे. खड्ड्यात गेलं ते जमवून घेणं.

१२ नोव्हें.
रेणुका दोन दिवस नाही. बाप दाखला मागून राहिलाय, मु.अ. सांगतात. दिलात तर मी वर लेखी कळवीन, म्हटलं. ते जरा घाबरले. पण पोरगी घरी बसली ती माझ्यामुळेच ना.

१५ नोव्हें.
आली. गुपचूप बाकावर बसली. दाखल्याचं कुणी काही बोलत नाही. मी दख्खनचं पठार शिकवलं, पुस्तकातलं, शब्दन् शब्द. स्वतःची चीड आली. तास संपल्यावर तिनं विचारलं, ती गाडी कोणत्या वारी असते? कशाला गं? "असंच." सांगितलं. वेळही सांगितली. मधली स्टेशनंही. का सांगितलं...

२० नोव्हें.
शाळा सुटल्यावर सेनगावची जीप. मागच्या सीटवर रेणुकाची माय. एकटी, मांडीवर पिशवी. मला पाहून पदर पुढे ओढला. पुढच्या फाट्यावर माणसं उतरली तेव्हा वहीचं पान पुढे केलं. "वाचून दावा मॅडम. मला बोलता येतं, वाचता न्हाई येत." रेणुकाचं अक्षर. सेनगाव, हिंगोली, नांदेड. मग निजामाबाद, सिकंदराबाद, विजयवाडा, रायगडा, टिटलागड. एकेक वाचलं. ती ओठांतल्या ओठांत म्हणत होती. गाडी उद्याची, रात्र नांदेडच्या फलाटावर काढणार.

घरी माहीत आहे का? "रेणूला हाये. आता तुमाला." पोरीला का नाही नेलं, हे जिभेवर आलं होतं. विचारायचा धीर झाला नाही. इतके दिवस सगळ्या गावावर भडकलेली मी, आणि आता ड्रायव्हरनं ऐकलं का ते बघत होते.

"मागं बी काई लिवलंय तिनं," ती म्हणाली.

पान उलटलं. तीच स्टेशनं, उलट्या क्रमानं, टिटलागडपासून सेनगावपर्यंत. खाली गाडीचे वार. त्यांच्याखाली दोन-दोन रेघा.

"काय हाये?"

"परत यायची गाडी."

तिनं पान घेतलं, बारीक घडी केली, मुठीत धरलं.