चुन्यात धरलेला धूर

३ नोव्हेंबर, सोमवार.
आज आलं : कळीचा चुना एक किलो, तीस रुपये. रबरी नळी दोन मीटर, चाळीस. टब घरचाच. रेणूच्या कामाचा खर्च, म्हणून जड वाटला नाही.

रेणू, माझी एकुलती एक, जर्मनीत विमानाचं तेल बनवते. कारखान्याच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड घ्यायचा, पवनचक्कीच्या विजेनं पाण्यातून हायड्रोजन काढायचा, दोन्ही मिळून तेल. तीन वर्षं झाली, इकडे नागपूरजवळ कारध्याला आली नाही. मागे फोनवर म्हणाली, "आई, आमच्या तेलावर विमान उडालं की त्यातच बसून येते." हसत म्हणाली, पण शब्दाची पक्की आहे. म्हणजे अडलंय ते तेलापायी. आणि तेल अडलंय त्या वायूपायी; शुद्ध मिळत नाही म्हणते.

मॅट्रिकला विज्ञानात मला अडुसष्ट होते. चुन्याची निवळी हा वायू धरते, पांढरी होते. धरून पाठवला की झालं.

देवापुढे बोलले : रेणूचं विमान उतरेपर्यंत भात वर्ज्य.

४ नोव्हेंबर. सकाळी ११.
टेकचंदच्या राइस मिलवर गेले. तिथे धानाचा भुसा जाळतात. म्हटलं, धूर पाहिजे. तो म्हणाला, "घेऊन जा ना काकू. पोते आनले का?" हमाल हसले. अज्ञान आहे. पण धुराच्या पाइपाला नळी लावू दिली.

७ नोव्हेंबर.
मिलवर ठेवलेल्या टबातली निवळी दुधासारखी झाली, घरी आणली. शेजारची शकुनबाई म्हणाली, "कावो कुंताबाई, घर पोतून राहिल्या का?" म्हटलं, विमान उडवून राहिली. "मंग पोरगी येऊन राहिली का?" म्हटलं, तेलाचंच थांबलंय.

पोहे खाल्ले. पोहे म्हणजे भात नव्हे. कुटलेले असतात.

१२ नोव्हेंबर.
रेणूचा फोन. मीटिंगमधून उठून चार मिनिटं बोलली. मागच्या वेळी तीन होती.

सांगितलं, वाटीभर धूर सुकवून तयार आहे. मग म्हणाली, "आई, चुनखडी भाजून चुना करतात ना, तेव्हा एवढाच वायू बाहेर पडलेला असतो. तू तोच परत धरलास." म्हणजे सुटलेला परत आणला. हे तर जास्तच पुण्याचं. पार्सल करते म्हटलं. "नको. आई, तू नीट जेवतेस ना?" म्हटलं, पोटभर.

मुरमुरे खाल्ले. तेही भात नव्हेत.

१९ नोव्हेंबर. दुपार.
उडालं! रेणूचा मेसेज आला. त्यांचं तेल थोडंसंच मिसळलं होतं, पण उडालं. देवापुढे साखर ठेवली. तिची खोली झाडली, गादीला ऊन दाखवलं. टेकचंदकडून दोन किलो चिन्नोर तांदूळ आणला, तिच्या आवडीचा. तो म्हणाला, "आमच्या मिलच्याच धुरानं उडालं म्हना!" म्हटलं, थोडा वाटा आहेच.

२७ नोव्हेंबर.
तारीख कळवलेली नाही. तिकिटांची गर्दी असेल. गादी पुन्हा उन्हात.

मला करमत नाही असं काही नाही. कामं पुष्कळ आहेत.

२ डिसेंबर.
शकुनबाईनं मोबाइलवर फोटो दाखवला. रेणू दिल्लीत, कसल्याशा परिषदेत, गळ्यात कार्ड. म्हटलं, जुना असेल. तिनं पडद्यावरच्या तारखेवर बोट ठेवलं. परवाची. म्हणाली, "दिल्लीवरून नागपूर दीड घंट्याचं तं आहे बाप्पा." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "बसा, चहा ठेवतो."

कोणत्या तेलाच्या विमानानं आली असेल? साध्याच. दिल्लीला साधं चालतं.

३ डिसेंबर. सकाळ.
भात टाकला. चिन्नोर. सवयीनं दोघींचा पडला.

नवस मोडला असं नाही. विमान उतरलंच की. कोणत्या गावाला, ते मी देवापुढे बोलले नव्हते.

चार मिनिटांत सांगून होत नाही, म्हणून पत्र टाकलं. नक्कल इथे ठेवते :

चि. रेणूस अनेक आशीर्वाद. फोटो पाहिला. बारीक झालीस. माझ्यापायी तेलाची वाट पाहू नकोस. मिळेल त्या विमानानं ये. जो धूर होईल तो मी इकडे धरीन, अर्धा किलो चुना शिल्लक आहे. उलट टपाली कळव.