पूर्ण आडवी होणारी सीट

२ मार्च, रविवार

दादाचा फोन. बायपास ठरली. अठ्ठावीस तारखेला सकाळी आठ वाजता. आवाज नेहमीसारखाच, साहेबी. ऑपरेशनच्या आधी आईला भेटायचंय, तिला घेऊन ये म्हणाला. सतरा तासांचा प्रवास, आईचे गुडघे, तेव्हा दोघंही बिझनेस क्लासने या. विमान कंपनी तू ठरव, बिल मी बघतो, तुला खुर्च्यांतलं कळतं.

तुला खुर्च्यांतलं कळतं! हे कबूल करायला याच्या तीन रक्तवाहिन्या बंद पडाव्या लागल्या.

बावीस वर्षं ऑफिसच्या खुर्च्यांच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे मी. माणूस खुर्चीत टेकला की पाच सेकंदांत सांगतो, कंबर कधी धरणार. आता सगळ्या कंपन्यांची शास्त्रशुद्ध तुलना करणार. आईसाठी.

४ मार्च

तीन कंपन्या निवडल्या. शेपटीच्या रंगावरून नावं दिली : निळी, हिरवी, लाल. निळीची सीट पूर्ण आडवी होते, पण पाय एका भोकात घालावे लागतात. हिरवीच्या सीटला चक्क दार आहे. लालची सीट जुनी, आडवी होता होता मध्येच थांबते, माणूस रात्रभर घसरगुंडीवर. लाल बाद.

संध्याकाळी एजंटकडे. दातांच्या दवाखान्याखाली गाळा, वरून ड्रिलचा आवाज. म्हणाला, हिरवीत अठरा तारखेच्या दोन सीटा आहेत, शेजारशेजारच्या, उद्या संध्याकाळपर्यंत धरून ठेवतो. मी विचारलं, फोमची घनता किती? तो माझ्याकडे बघतच राहिला. याला स्वतः विकतो ती वस्तू माहीत नाही. कळवतो म्हटलं.

५ मार्च

हिरवीच्या सीटची रुंदी वीस इंच. प्रत्यक्ष अनुभव हवा म्हणून जेवणाच्या सुट्टीत तपासणी विभागात तीन खुर्च्या जोडून, वीस इंचांवर खडूच्या रेघा मारून झोपून बघितलं. कूस बदलताना उजवा खांदा रेघेबाहेर. महत्त्वाचा निष्कर्ष.

डोळा लागला. मॅनेजर कस्टमरला घेऊन कारखाना दाखवत होता. मेमो मिळाला. मेमोत ‘झोपलेले आढळले’ असं लिहिलंय. रेघांचा उल्लेख नाही.

एजंटने सीटा सोडून दिल्या. घाई करणाऱ्या माणसांवर माझा विश्वास नाही.

८ मार्च

तिन्ही कंपन्यांना, बाद झालेल्या लाललाही, सविस्तर पत्रं. एकूण एकोणीस प्रश्न. फोमची घनता, शिलाईचा प्रकार, सीट आडवी व्हायला लागणारे सेकंद.

निळीचं उत्तर चार मिनिटांत आलं : आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल आभार. एवढंच. निळीचे दोन मार्क कापले.

११ मार्च

आईने चौथ्यांदा विचारलं, तिकीट झालं का. प्रोसेसमध्ये आहे म्हटलं. तिची बॅग भरून दाराशी उभी आहे. व्हिसा गेल्या वर्षीचे आहेत दोघांचे. तेव्हा तिचा गुडघा आडवा आला म्हणून जाणं राहिलं. म्हणाली, मला कुठल्याही सीटवर बसव, डब्यावर बसव, पण पोचव.

अशा गिऱ्हाइकांमुळेच कंपन्या शेफारतात.

बायको म्हणाली, आईंना दादांकडे जायचंय, सीटकडे नाही. विरोध करणं हा तिचा स्वभाव आहे. वहीत नोंद केली, बाकी दुर्लक्ष.

१३ मार्च

आई दार लावून फोनवर दादाशी अर्धा तास बोलली. लगेच मला दादाचा फोन. बुकिंग तू करतोस की मी करू?

तोंडात मारल्यासारखं झालं. लहानपणापासून हेच. सायकल तू शिकतोस की मी शिकवू. फॉर्म तू भरतोस की मी भरू. मी शांतपणे म्हटलं, अठ्ठेचाळीस तास दे. तो म्हणाला, बाबा रे, माझ्याकडे मोजकेच आहेत.

भावनिक दबाव. आजारी माणसं या बाबतीत फार हुशार असतात.

१५ मार्च

अंतिम गुण : हिरवी ७४, निळी ७१. ठरलं, हिरवी.

दुपारी शंका. दार बंद केल्यावर आईला काही झालं तर मला दिसणार नाही. दाराचे गुण वजा केले. निळी ७१, हिरवी ७०. पण निळीत पाय भोकात, आणि आईचा गुडघा वाकत नाही. पुन्हा वजा. हिरवी पुढे. मग हिरवीच्या जेवणाचे व्हिडिओ बघितले. एक टोपीवाला माणूस आहे, जगभर फुकट फिरतो आणि सगळं ‘अप्रतिम’ म्हणतो. याच्या घशाखाली काहीही उतरतं. त्याचं मत धरायचं नाही असं ठरवून आकडेमोड पहिल्यापासून.

१७ मार्च

एजंटकडे गेलो. हिरवी दोन एप्रिलपर्यंत फुल. निळीत एकच सीट. लालमध्ये सव्वीस तारखेच्या दोन आहेत, मध्ये एकदा विमान बदलायचं, सत्तावीसला सकाळी पोच. एजंट हसला नाही, पण त्याला हसायचं होतं. वरून ड्रिल सुरू.

लाल घेतली. एक अख्खा दिवस हातात आहे. लालवर आधी थोडा अन्यायच झाला होता. जुन्या बांधणीच्या वस्तू दणकट असतात.

आईला सांगितलं. तिने बॅगेची चेन उघडली, आतलं सगळं बघितलं आणि परत लावली. समाधान असावं.

२६ मार्च, सकाळी ८.३०, विमानतळ

बिझनेस क्लासचं लाउंज. खुर्च्या आमच्या स्पर्धक कंपनीच्या! एका खुर्चीचा डावा हात हलतो. काउंटरवर जाऊन सांगितलं. बाई म्हणाली, आपण दुसऱ्या खुर्चीवर बसू शकता सर. म्हणजे दोष दूर करायचा नाही, माणूस दूर करायचा.

आई व्हीलचेअरवर. समोरच्या घड्याळाकडे बघत बसली आहे. मी तिला सूप आणून दिलं. कोमट. तिला आवडलं. तिच्या आवडीला मार्क देता येत नाहीत.

दुपारी १.१५, विमानात

शंभर टक्के फसवणूक. मी प्लॅस्टिकचा कोनमापक आणला होता. सीट १६६ अंशांवर थांबते. जाहिरातीत ‘जवळजवळ आडवी’. जवळजवळ! चौदा अंश म्हणजे जवळजवळ?

हवाई सुंदरीला बोलावलं. तिने गुडघ्यावर बसून कोनमापक बघितला आणि विचारलं, आपल्याला एक उशी आणून देऊ का. तिच्या वरिष्ठाला बोलावलं. तो दोन उशा घेऊन आला. खुलासा मागितला की उशी देतात, हे यांचं धोरण.

आईच्या सीटचा कोन घ्यायला तिला दोनदा उठवावं लागलं. १६७. दोन सीटांत एक अंशाचा फरक, म्हणजे उत्पादनातच गडबड. आई म्हणाली, मला झोपू दे रे. म्हटलं, तुझ्यासाठीच चाललंय.

वरिष्ठ म्हणाला, उतरल्यावर आमच्या काउंटरवर लेखी तक्रार करू शकता. करणारच.

संध्याकाळी ७.००, मधला विमानतळ

शांतपणे लिहितो. माझा दोष नाही.

पुढच्या विमानाला एक तास वीस मिनिटं होती. भरपूर. तक्रारीचं काउंटर टर्मिनलच्या दुसऱ्या टोकाला. आईची व्हीलचेअर ढकलणारी बाई मनगटावर बोट आपटून काहीतरी सांगत होती. आईला म्हटलं, पाचच मिनिटं. रांगेत माझ्यापुढे एक जोडपं, त्यांची बॅग हरवलेली, दोघं रडत होते. बॅग! मग माझा नंबर. फॉर्मवर कोनाची आकृती काढायला जागा नव्हती, मागच्या बाजूला काढली.

परत आलो तेव्हा गेट बंद. आपलं विमान काचेतून दिसत होतं. हलत होतं.

आईने पर्स मांडीवर घट्ट धरली. व्हीलचेअरवाल्या बाईने ज्या नजरेने पाहिलं त्याबद्दल वेगळी तक्रार करता येईल.

रात्री ९.००, तिथेच

काउंटरवरची बाई म्हणाली, पावणेनऊचं एक विमान आहे, साध्या वर्गात दोन सीटा आहेत, उद्या सकाळीच पोचाल. किंवा उद्या संध्याकाळी बिझनेसच्या दोन. परवा सकाळी अकराला पोच.

मी म्हटलं, साधा वर्ग अजिबात नाही. आईचे गुडघे आहेत. आई म्हणाली, अरे, परवा आठला त्याला आत नेणार. जाऊ दे ना आजच. मला चालेल. मी म्हटलं, तुला चालेल, पण मला चालवून घ्यायचं नाही, आपण बिझनेसचं तिकीट काढलंय. ती म्हणाली, आपण नाही, त्याने काढलंय.

हे आत्ता बोलायची गरज नव्हती. मी सुपरवायझरला शोधायला गेलो. सुपरवायझर जेवायला गेला होता. थांबलो. वीस मिनिटांनी आला. त्याने मला उशी दिली नाही एवढंच.

परत आलो तर आई नाही. व्हीलचेअर नाही. बाई नाही.

काउंटरवाली म्हणाली, आपल्या मातोश्री गेल्या. मी म्हटलं, कुठे गेल्या? ती म्हणाली, विमानात. पासपोर्ट त्यांच्याच पर्समध्ये होता. मला म्हणाल्या, ‘माय सन. हॉस्पिटल. वन सीट.’ मीच बोर्डिंग पास काढून दिला.

मी म्हटलं, तिला इंग्लिश येत नाही. ती म्हणाली, चांगलं येतं.

शहात्तर वर्षांची बाई, एकटी, साध्या वर्गात. माझ्या परवानगीशिवाय. गुडघ्यांचं काय होणार ते होवो. मी हात वर केले.

२७ मार्च, दुपार, हॉटेल

बायकोचा फोन. आई पोचल्या, पुतणी घ्यायला गेली होती, आत्ता दादांच्या शेजारी बसल्यात. तुम्ही कुठे आहात?

सांगितलं. तिकडून भांडं आदळल्याचा आवाज आला. ओट्यावर काम चालू असावं. मग म्हणाली, आईंच्या शेजारच्या सीटवर एक नर्स होती, तिने आईंचे पाय स्वतःच्या मांडीवर घेतले म्हणे. आई छान झोपल्या.

असल्या अपघाताने मिळालेल्या सर्व्हिसची तुलना करता येत नाही.

हॉटेलची गादी मध्ये खोलगट. तक्रार केली.

२८ मार्च, दुपारी ४.००, हॉस्पिटल

दुसऱ्या विमानात सीट पूर्ण आडवी झाली. १८० अंश, तीनदा मोजले. अकराला उतरलो. घ्यायला कोणी नाही. टॅक्सीने आलो.

दादाला आठला आत नेलं होतं. वेटिंग रूममध्ये एकमेकींना जोडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पाठीला आधार शून्य. आई त्यातल्या एकीवर ताठ बसली होती, वहिनीचा हात हातात धरून. मी सांगितलं, सीट पूर्ण आडवी झाली आई, एकशे ऐंशी. ती म्हणाली, बरं झालं.

वहिनी म्हणाली, काल दिवसभर दोघं मायलेक गप्पा मारत होते. दादा इतका हसला की नर्स रागवायला आली. मी विचारलं, कशाबद्दल हसत होते? वहिनी म्हणाली, तुमच्याच लहानपणच्या गोष्टी.

वाटलंच होतं. माणूस मरणाच्या दारात असतो तरी धाकट्याची थट्टा सुटत नाही.

तीनला डॉक्टर बाहेर आले. सगळं नीट झालं म्हणाले. वहिनी रडली. आईने खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकलं. पाठ फार ठेंगणी, डोकं मागे लटकलं. मी हात द्यायला उठलो, तोवर पुतणीने खांदा दिला होता.

३० मार्च

दादाला दोन मिनिटं भेटू दिलं. नळ्या, पट्ट्या. मी वही नेली होती, तिन्ही कंपन्यांचे गुण त्याला दाखवायला. त्याने डोळे उघडले, आवाज जेमतेम फुटत होता. म्हणाला, सीट कशी होती?

मी म्हटलं, ठीक होती.

बाहेर आल्यावर लक्षात आलं, एवढंच बोललो. वही उघडलीच नाही. दोन मिनिटं म्हणजे कमीच वेळ.

४ एप्रिल

रजा संपली. मॅनेजरची मेल : सोमवारी हजर राहा, खुर्चीवर बसून काम करावे. हा विनोद असावा.

आई थांबतेय. दादा चालायला लागेपर्यंत. पुतणीने तिचं तिकीट बदललं. जूनमध्ये पुतणी तिला सोडायला येणार, दोघी साध्या वर्गाने. मी म्हटलं, आई, परतीची बिझनेसची सीट आहे, माझ्याबरोबर चल, सगळं मी बघतो. गुडघ्यांचा तरी विचार कर.

ती म्हणाली, गुडघे माझे आहेत. मी बघेन.

पुतणी खिडकीबाहेर बघत होती. खांदे हलत होते. सर्दी असावी.

५ एप्रिल, विमानात

सीट पूर्ण आडवी होते. जेवण गरम होतं. शेजारची सीट रिकामी. झोप लागत नाही, कारण माहीत नाही. फोम चांगला आहे.

हवाई सुंदरीने विचारलं, काही हवंय का. नको म्हटलं. ती जराशी थांबली, मग गेली.

समोरच्या स्क्रीनवर कंपनीचे प्रश्न आले. सीटला किती मार्क, सेवेला किती. पाचपैकी चार, पाचपैकी चार. शेवटचा प्रश्न : आपण हा प्रवास कोणासोबत केलात? पर्याय चार : कुटुंब, मित्र, सहकारी, एकटे.

‘कुटुंब’ दाबलं. खोटं नाही. जाताना होतं. अर्ध्या वाटेपर्यंत तरी.